मेणबत्तीच्या धंद्यातील साचे व भांडी : कामानंतरची स्वच्छता

शेतीस पूरक म्हणून जे अल्प भांडवलाचे धंदे खेडोपाडी चालतात, त्यांत मेणबत्त्या तयार करण्याच्या धंद्याचा समावेश अनेक ठिकाणी झालेला आहे. स्त्रियांचे स्वयंसहायता बचत गट दिवाळीपूर्वीच्या दिवसांत हे काम हाती घेतात. मधमाशापालन करणारे काही शेतकरीही पोळ्यांपासून मिळणाऱ्या मेणाच्या मेणबत्त्या करतात. मेण कसे वितळवावे, वात कशी ओढावी, रंग किती घालावा, हे सर्व प्रशिक्षणात शिकविले जाते. काम आटोपल्यावर साच्यांचे व भांड्यांचे काय करावयाचे, याविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. परिणामी पहिल्या हंगामात सरळ व गुळगुळीत मेणबत्त्या देणारा साचा दुसऱ्या हंगामात रेघा पडलेल्या, टोके तुटलेल्या, आत चिकटून बसणाऱ्या मेणबत्त्या देऊ लागतो. साचा मुळातच हलका होता असे ठरवून नवा विकत घेतला जातो. वस्तुतः पुष्कळदा साच्यात काही दोष नसतो. तो धुतला गेलेला नसतो, किंवा भलत्याच रीतीने धुतला गेलेला असतो.

मेणाचा स्वभाव

बाजारात मिळणारे मेणबत्तीचे मेण म्हणजे खनिज तेलापासून निघणारे पॅराफिन होय. ते साधारणतः ५५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णतेस वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांस वितळते. मेणबत्तीस कठीणपणा यावा म्हणून जे स्टिअरिक आम्ल मिसळतात, त्यास सुमारे ६९ अंश उष्णता लागते. यांपैकी एकही पदार्थ पाण्यात विरघळत नाही, आणि तिन्ही पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगतात.

एवढ्या माहितीवरून स्वच्छतेची सर्व पद्धत ठरते. थंड पाणी व साबण यांनी मेण निघणार नाही, मग कितीही घासा. पाणी ७० ते ८० अंश गरम असेल तर मेण आपोआप सुटून वर येईल. तेच पाणी निवाले की मेण पुन्हा थिजेल, आणि ज्या वस्तूस त्याचा स्पर्श होईल तिच्यावर बसेल. म्हणून ही स्वच्छता काम संपताच, भांडी व साचे कोमट आहेत तोवर करावयाची असते. उद्यावर टाकलेली मेणाची भांडी दुसऱ्या दिवशी इंधन मागतात आणि वेळही.

प्रथम पुसणे, मग धुणे

मेण ओतण्याचे काम संपले की भांड्यातील उरलेले मेण आधी एका पसरट ताटलीत अथवा पत्र्याच्या डब्यात ओतून घ्यावे. ताटलीस आतून तेलाचा पुसट हात फिरविला असेल तर वडी सहज सुटते. भांडे निवण्यापूर्वीच जुन्या सुती कापडाने किंवा रद्दीच्या कागदाने ते आतून पुसावे. हाताला चटका बसणार नाही इतपतच ते गरम असावे. विस्तवावरून उतरविलेले भांडे तत्काळ पुसू नये. निम्म्याहून अधिक काम या पुसण्यातच होते, आणि पाण्यात मेण जाण्याचे प्रमाण पुष्कळच घटते. भांडे पुसण्याचा आळस करून एकदम गरम पाणी ओतणारे शेवटी तेवढेच मेण पाण्यावरून गोळा करीत बसतात.

पुसलेली फडकी व कागद कोठेही टाकू नयेत. मेण मुरलेले कापड म्हणजे एक प्रकारची मोठी वातच असते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावी व चूल पेटविण्यासाठी थोडी थोडी वापरावी.

साचे

आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे साचे ॲल्युमिनियमचे, दोन फाळक्यांचे असतात. फाळकी मिटून पकडीने आवळली की आत मेणबत्त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तयार होतात. आतून तेलाचा बोळा फिरवावयाचा, वात खाचांतून ताणून घ्यावयाची, साचा मिटून वरून मेण ओतावयाचे आणि तो थंड पाण्याच्या टपात ठेवावयाचा, असा हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे.

या साच्यात घाण साठण्याच्या तीन जागा आहेत. पहिली जागा दोन फाळक्यांच्या मिळणीची. तेथे मेणाचा पातळसा पापुद्रा जरी राहिला, तरी पुढच्या खेपेस फाळकी घट्ट मिटत नाहीत. फटीतून मेण झिरपते, मेणबत्तीच्या दोन्ही अंगांस उभी कड उमटते, आणि ती कड सुरीने तासण्यात वेळ जातो. दुसरी जागा वातीच्या खाचांची. खाच मेणाने भरलेली असेल तर वात मध्यावर न राहता एका बाजूस सरकते. अशी मेणबत्ती एका अंगाने जळते व दुसऱ्या अंगाने ओघळते. गिऱ्हाईक वातीस दोष देते, करणारीही वातीसच दोष देते. तिसरी जागा म्हणजे पोकळीचा आतील पृष्ठभाग. येथे मेणाइतकाच त्रास तेलाचा होतो. दर खेपेस लावलेले खाद्य तेल हवेने व उष्णतेने हळूहळू दाट होऊन त्याचा पिवळसर चिकट थर बनतो. मेणबत्ती सुटावी म्हणून लावलेले तेलच मग तिला धरून ठेवते.

साचा स्वच्छ करण्याची रीत अशी : पकड काढून फाळकी उघडावीत. मोठी मेणाची चिपटे बांबूच्या कामटीने अथवा लाकडी पट्टीने उचलावीत. सुरी, पेचकस, खिळा, तारेची घासणी यांचा उपयोग मुळीच करू नये. ॲल्युमिनियम मऊ धातू आहे. त्यावर उमटलेला प्रत्येक ओरखडा पुढे प्रत्येक मेणबत्तीवर रेघ होऊन उमटतो, आणि मेण त्याच ओरखड्यात अडकून बसते. खाचांसाठी टोक बोथट केलेली कामटी पुरते. नंतर एका पसरट पातेल्यात साचा पूर्ण बुडेल इतके पाणी तापवून त्यात फाळकी दहा मिनिटे ठेवावीत. पाणी खदखदा उकळण्याची आवश्यकता नाही. पकडीस लाकडी मुठी असतील तर त्या या पाण्यात घालू नयेत. लाकूड फुगते व मूठ ढिली होते.

मेण वर तरंगू लागल्यावर येथेच एक चूक हमखास होते. साचा सरळ वर उचलला जातो, आणि तरंगणाऱ्या मेणाच्या थरातून बाहेर येताना तो पुन्हा मेणाने माखतो. ही चूक टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पळीने तरंगणारे मेण एका बाजूने काढून घ्यावे व मोकळ्या झालेल्या जागेतून साचा बाहेर काढावा. अथवा पातेले तसेच निवू द्यावे, वर घट्ट झालेली चकती काढून घ्यावी आणि मग साचा उचलावा. दुसरा मार्ग सोपा आहे, फक्त त्यास रात्रभर वेळ द्यावा लागतो.

यानंतर कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडके यांनी तेलाचा थर काढावा. येथे धुण्याचा सोडा वापरण्याचा मोह अनेकांस होतो, कारण सोड्याने तेल चटकन सुटते हे स्वयंपाकघरात नेहमी दिसते. परंतु सोडा ॲल्युमिनियमला खातो. पृष्ठभाग काळवंडतो, खरबरीत होतो, आणि एकदा गेलेला गुळगुळीतपणा परत येत नाही. चुलीची राखही क्षारयुक्त असून शिवाय ती घासते, म्हणून ती दुहेरी वाईट. साच्यांचे अकाली मरण बहुतेक ठिकाणी राखेने अथवा सोड्याने घासण्यामुळेच ओढवते, असे म्हणावयास हरकत नाही.

काही जण साचे रॉकेलने पुसतात. रॉकेल मेणास विरघळविते हे खरे; पण त्याचा वास साच्यास धरून राहतो व देवघरात लावावयाच्या मेणबत्तीस तो येतो. मेण तापविण्याच्या जागेजवळ रॉकेलाची बाटली असणे तर साफ गैर आहे. ते आता पूर्वीसारखे सहजी मिळत नाही, हे या कामापुरते बरेच झाले.

धुतलेला साचा कोरड्या कापडाने पुसून उन्हात उघडा ठेवावा. पोकळीत पाण्याचा थेंब राहिला तर तो मेणबत्तीत अडकतो आणि जळताना वात तडतडते, कधी विझते. फाळकी मिटून वाळत घातली तर मिळणीत पाणी राहते, हे ध्यानात ठेवावे.

शोभेच्या मेणबत्त्यांसाठी अलीकडे सिलिकॉन रबराचे साचे आले आहेत. त्यांस तेल लावण्याची सहसा गरज नसते आणि मेण थिजल्यावर साचा वाकविला की ते सुटून येते. त्यांच्यावर टोकदार वस्तू, रॉकेल किंवा टर्पेंटाइन यांचा प्रयोग करू नये. कोमट साबणपाणी पुरेसे होते.

रंगाचा प्रश्न निराळा आहे. लाल अथवा निळ्या मेणाचा अंश राहिलेल्या साच्यातून पांढरी मेणबत्ती डागाळूनच निघते. एका दिवशी अनेक रंगांचे काम असेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करून फिक्या रंगांकडून गडद रंगांकडे जावे. अशाने मधल्या वेळी केवळ पुसून भागते व धुणे दिवसाअखेर एकदाच करावे लागते.

मेण वितळविण्याचे भांडे

मेण थेट विस्तवावर न ठेवता पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही, त्यामुळे मेणही तापत नाही. स्वच्छता करताना मात्र हाच नियम मोडला जातो. तळाशी चिकटलेले थोडेसे मेण जाळून काढावे म्हणून भांडे रिकामे समजून विस्तवावर ठेवले जाते. पातळ थर असल्यामुळे तो क्षणात भलताच तापतो. सुमारे २०० अंशांच्या पुढे पॅराफिनची वाफ ठिणगीने पेट घेते. ही रीत संपूर्णपणे सोडून द्यावी. ते भांडे पुन्हा गरम पाण्यात ठेवले की उरलेले मेण पातळ होते व पुसून निघते.

याहून मोठा धोका पाण्याचा आहे, आणि तो धुण्यातूनच उत्पन्न होतो. धुतलेल्या भांड्याच्या तळाशी, कडेच्या दुमडीत किंवा चोचीत पाणी राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यात मेण घालून कोणी ते थेट आचेवर ठेवले, तर पाणी मेणाखाली दबून राहते. पाणी जड, मेण हलके. खालच्या पाण्याची वाफ होताच ती वरचे तापलेले मेण उसळवून बाहेर फेकते. वितळलेले मेण त्वचेस चिकटते आणि पाण्यासारखे ओघळून जात नाही, म्हणून त्याचा भाजा खोल जातो. मेणाचे भांडे कोरडे असणे ही केवळ टापटिपीची बाब नव्हे.

अंगावर मेण पडल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा व सुमारे वीस मिनिटे धरून ठेवावा. चिकटलेले मेण ओढून काढू नये, त्यासोबत त्वचा सुटून येते. हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही न लावता स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. भांड्यातील मेणाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी कदापि टाकू नये. इंधन बंद करावे व घट्ट बसणारे झाकण टाकून हवा तोडावी. म्हणून ज्या भांड्यात मेण वितळते, त्याच्या मापाचे झाकण कोठल्याही गटाच्या सामानात असलेच पाहिजे. सोबत कोरड्या वाळूची एक बादली असावी.

ओतण्याच्या भांड्याची चोच ही अशीच दुर्लक्षित जागा आहे. तीत थिजलेल्या मेणाचा बूच बसला की पुढील खेपेस मेण कडेवरून भलतीकडे सांडते. ओतणे संपताच चोच कापडाने पुसावी. काचेचा उष्णतामापक गरम असतानाच पुसावा, पण लगेच थंड पाण्यात घालू नये; काच तडकते.

पाणी जाते कोठे ?

मेणाचे गरम पाणी मोरीत ओतून देण्याची सवय फार महागात पडते. ओतताना ते पातळ दिसते. परंतु दोन-चार हात पुढे गेल्यावर नळीतील थंडाव्याने ते थिजते व नळीच्या आतून वर्तुळ धरते. पुढे त्यावर साबणाचा गाळ व केस अडकतात. ज्या घरांतील सांडपाणी शोषखड्ड्यात जाते, तेथे परिणाम अधिक वाईट होतो. खड्ड्यातील विटांच्या तुकड्यांवर व वाळूवर मेणाचा लेप बसतो, पाणी मुरण्याची छिद्रे बुजतात, आणि चांगला चाललेला शोषखड्डा तुंबून अंगणात डबके साचते. मग तो उकरून पुन्हा भरावा लागतो.

यास्तव मेणाचे पाणी नेहमी पातेल्यातच निवू द्यावे, वरची चकती उचलावी, खालचे पाणी जाड फडक्यातून गाळावे आणि त्यानंतरच ते ओतावे. थंड पाण्याच्या टपातही साच्यातून सांडलेल्या मेणाचे कण तरंगत असतात. तो टपही असाच गाळून रिता करावा. पाणी दिवसानुदिवस तसेच ठेवू नये.

चकतीच्या खालच्या अंगास धूळ, वातीचे तंतू व काळपट गाळ चिकटलेला असतो. तो तासून काढला की वरचे मेण पुन्हा उपयोगी पडते. ते दुसऱ्या मेणात मिसळण्यापूर्वी त्यातील पाणी पूर्ण गेले आहे याची खात्री करावी. असे परत मिळालेले मेण वेगळ्या डब्यात साठवून हंगामाच्या शेवटी त्याचे वजन करावे आणि त्या दिवसाच्या भावाने त्याची किंमत गटाच्या वहीत लिहावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वच्छतेविषयी दहा वेळा सांगण्यापेक्षा ही एक ओळ वहीत लिहवून घेतली तर अधिक उपयोग होईल.

मधमाश्यांच्या मेणासाठी निराळी काळजी

महाराष्ट्रात मधमाशापालनाची परंपरा महाबळेश्वर परिसरात विशेष रुजलेली आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे; पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली सुरू झाली; आणि २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मधपेट्या जेथे जातात तेथे थोडेफार मेणही निघते. सातेरी माश्यांची पोळी मधयंत्रातून मध काढून परत पेटीत दिली जात असल्याने त्यांच्यापासून मेण कमीच मिळते. मधकोशांची कापलेली झाकणे व जुनी काळवंडलेली पोळी, एवढाच त्याचा मुख्य साठा. मधमाशी आपल्या शरीरातून मेण स्रवते, व त्यासाठी तिला त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो. त्यामुळे या मेणाचा भाव पॅराफिनहून पुष्कळ अधिक असतो आणि ते वाया घालविणे परवडणारे नसते.

या मेणास लोखंड, तांबे, पितळ अथवा जस्ताचा मुलामा दिलेले भांडे चालत नाही. त्याचा रंग काळपट किंवा हिरवट होतो. स्टेनलेस स्टीलचे भांडे उत्तम. ८५ अंशांहून अधिक तापविल्यासही रंग बिघडतो. पाणी जड असेल तर मेणाचा काही भाग त्यातील क्षारांशी मिळून भुसभुशीत, राखी रंगाचा थर बनतो व तो मेणात राहतो. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी असेच जड असते. ज्यांच्याकडे पावसाचे पाणी साठविलेले असेल, त्यांनी पोळी वितळविण्यासाठी तेच वापरावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, पॅराफिनची व मधमाश्यांच्या मेणाची भांडी एकच असू नयेत. मेणबत्तीपुरता विचार केला तर थोडी भेसळ कदाचित खपून जाईल. पण ज्या मेणापासून पेट्यांसाठी मेणपत्रे करावयाचे असतात, त्यात पॅराफिन गेले तर पत्रे पेटीतील उष्णतेने व मधाच्या भाराने लोंबतात, कोसळतात. माश्याही अशा पत्र्यावर नीट पोळे बांधीत नाहीत. आणि मिसळलेले पॅराफिन घरगुती उपायाने पुन्हा वेगळे करता येत नाही. एका पळीने केलेला हा घोटाळा शेजारच्या चार मधपाळांच्या पेट्यांपर्यंत जाऊ शकतो. भांड्यांवर रंगाची खूण करावी, पळ्या व गाळण्याची फडकीही वेगळी ठेवावीत.

पोळी वितळवून गाळल्यावर फडक्यात जो चोथा राहतो, त्याची विल्हेवाट त्याच दिवशी लावावी. त्यात मेणाचा अंश, परागकण व अळ्यांची कात असते, आणि मेणपतंगाच्या अळीला नेमके हेच खाद्य लागते. शुद्ध वितळलेल्या मेणाच्या वडीवर ही अळी फारशी वाढत नाही. चोथ्यावर, जुन्या पोळ्यांच्या तुकड्यांवर व न धुतलेल्या फडक्यांवर ती झपाट्याने वाढते आणि तेथून पतंग दुबळ्या वसाहतींच्या पेट्यांत शिरतात. चोथा खड्ड्यात पुरावा किंवा चुलीत थोडा थोडा जाळावा. पेट्यांच्या घोडीखाली पोळ्यांचे तुकडे पडू देऊ नयेत. मधाने चिकट झालेली भांडी माश्यांनी चाटून साफ करावीत म्हणून उघड्यावर ठेवण्याची प्रथा दिसते. तिच्यामुळे वसाहतींत लूटमार सुरू होते व एका वसाहतीचा रोग दुसरीस जातो. भांडी प्रथम कोमट पाण्याने विसळून मध काढावा आणि मग मेणासाठी गरम पाणी घ्यावे; एकदम गरम पाणी घातले तर मध व मेण एकत्र लडबडतात.

हंगाम संपल्यावर

दिवाळीनंतर साचे अडगळीत जातात ते पुढील पावसाळ्यानंतरच बाहेर येतात. ठेवण्यापूर्वी फाळकी उजेडाकडे धरून मिटावीत. मिळणीतून कोठे अधिक, कोठे कमी उजेड दिसला तर तेथे अजून मेण आहे असे समजावे. पूर्ण वाळलेल्या साच्यास तेल लावून ठेवण्याची पद्धत टाकून द्यावी, कारण तेच तेल सहा-आठ महिन्यांत चिकट होते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, पकडी न आवळता, साचे आडवे ठेवावेत आणि त्यांवर दुसरे जड सामान रचू नये. मिठाच्या अथवा खताच्या पोत्यांशेजारी ते मुळीच ठेवू नयेत. ओलसर हवेत क्षारांनी ॲल्युमिनियमवर पांढरे ठिपके पडतात. पकडीचे लोखंडी खिळे व मळसूत्रे यांना मात्र तेलाचा एक थेंब द्यावा.